प्लॅस्टिक फाडायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

मिनेसोटाच्या राजधानीतून, सेंट पॉलहून फोन. राज्याचे बँक तपासनीस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येणार. या म्हटलं. आवाज अजिबात कापला नाही. रिसीव्हर दोनदा चुकीच्या जागी ठेवला गेला, पण तो फोनच जुना आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. मी सरोवराकाठी बादलीतून गळाला लावायचे मासे विकत होतो. मग नॉर्डव्हिक स्टेट बँकेत फरशी पुसायला लागलो. आज त्याच बँकेचा प्रेसिडेंट आहे. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. माझं भांडवल म्हणजे माझे कान. माणूस 'परत करीन' हे कोणत्या सुरात म्हणतो एवढं ऐकायचं आणि कर्ज द्यायचं. आकडे खोटं बोलतात, सूर बोलत नाही.

तपासनीस लाइल टॉफ्टेच्या कर्जाबद्दल विचारतील. विचारू देत. लाइल पाँटून बोटी विकतो: खाली दोन पोकळ नळकांडी, वर सोफे. कारखान्यातून बोट आणायला पैसे आमचे. बोट विकली की त्या बोटीचे पैसे त्याने आधी आम्हाला द्यायचे. तोवर आवारात उभी असलेली प्रत्येक बोट आमचं तारण. इतकं साधं आहे. कायद्याने एका माणसाला जेवढं देता येतं त्याच्या अगदी काठापर्यंत दिलंय, हे खरं. त्या बोटी नसल्या तर बँक बुडेल, हेही खरं. पण बोटी आहेत. हिवाळाभर पांढरं प्लॅस्टिक गुंडाळून ओळीने उभ्या आहेत. अख्खं गाव बघतंय.

संकल्प: शांत राहायचं. दुपारनंतर कॉफी बंद. लाइलच्या आवारात अचानक जाऊन बोटी मोजायच्या.

 

४ फेब्रुवारी

लाइलला फोन केला. शनिवारी दहाला अचानक तपासणीला येतोय म्हटलं. म्हणाला, अकराला ये ना ऑर्व, पॅनकेक खाऊन जा. अकरा ठरले.

आर्डिसने ऐकलं. कर्जखातं तीच सांभाळते. मला नोटा मोजायला तिनेच शिकवलं, त्यामुळे साहेब म्हणायला तिची जीभ वळत नाही. म्हणाली, ऑर्व्हिल, अचानक म्हणजे आधी कळवून का? म्हटलं, सभ्यपणाने अचानक. न सांगता जाणं म्हणजे माणसाला तोंडावर चोर म्हणणं, आपल्याकडे तसं करत नाहीत. ती म्हणाली, नाही ना, आपल्याकडे आधी फोन करतात.

टोमणा होता. सोडून दिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

शून्याखाली अठरा. पॅनकेक उत्तम. लाइल म्हणाला, एवढ्या गारठ्यात पायी कशाला मोजतोस, ट्रकमध्ये बस, हीटर चालू आहे. विचारी माणूस. आवारातून सावकाश फेरी मारली. पांढऱ्या ओळीच्या ओळी, प्रत्येकीच्या पाठीवर बर्फ, मेंढरं बसावीत तशा. मोजल्या. आमच्याकडे नोंदवलेल्यापेक्षा एक जास्तच भरली. लाइल जरा गडबडला, मग म्हणाला, ती मेव्हण्याची असेल. तारण कमी भरलेलं ऐकलंय, जास्त भरलेलं पहिल्यांदाच. समाधान वाटलं.

नंतर खाली उतरून एका बोटीवर मुठीने ठोकलं. हे तपासनिसांना कॉलेजात कोणी शिकवत नाही. आवाज पोकळ आला. पाँटून पोकळच असतात. पुढच्या ओळीत ठोकलं, तिथेही पोकळ. लाइल खिशात हात घालून बघत होता. म्हणाला, तुझ्या कानांपुढे कोणाचं काही चालायचं नाही, ऑर्व. हसला नाही मात्र. थंडीत ओठ आखडतात.

एक प्लॅस्टिक जरा उघडून बघायचं मनात आलं होतं. पण सरोवराकाठी एप्रिलआधी प्लॅस्टिक फाडत नाहीत. फाडलं की बर्फ आत, बर्फामागून उंदीर, आणि सोफ्यांची वाट. मित्राचा माल आपल्या शंकेपायी नासवायचा? मी विचारलं नाही, त्यानेही सुचवलं नाही. दोघांनीही सभ्यपणा पाळला.

घरी बायकोने, मार्लिसने विचारलं, पाहिल्यास बोटी? मोजल्या म्हटलं. म्हणाली, मी पाहिल्यास का ते विचारलं. बायकांना तारणातलं कळत नाही.

११ फेब्रुवारी

आर्डिस केबिनमध्ये आली आणि दार लावून घेतलं. ती दार लावते त्या दिवशी मला जेवण जात नाही.

म्हणाली, लाइलचं व्याज आलं. म्हटलं, बघ, तारीख चुकली नाही. म्हणाली, चुकेल कशी, डिसेंबरात तू त्याची मर्यादा वाढवलीस त्यातूनच भरतोय. आपल्याच विहिरीचं पाणी आपल्याच ओंजळीत घालतोय. म्हटलं, पाणी वाहतंय ना, मग झालं तर. म्हणाली, हिवाळ्यात बोटी विकत नाहीत हे मला कळतं, पण उन्हाळ्यात विकल्या त्यांचे पैसे कुठायत? म्हटलं, बाजार मंद होता. म्हणाली, बाजार मंद होता तर सरोवरावर एवढी गर्दी कसली होती, बदकांची?

तिला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय. त्या वयात माणसं काळंच बघतात.

सँडविच कचऱ्यात टाकलं. भूक नव्हती असं नाही. वेळ नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॅफेत सफरचंदाची गोड पाई खायला बसलो होतो. पाठीमागच्या बाकावर पलीकडच्या गावचे दोघं. मी मुद्दाम ऐकत नाही, ऐकू येतं. एक म्हणाला, टॉफ्टेकडून ऑक्टोबरात पाँटून घेतली, कारखान्याच्या भावापेक्षा खाली दिली गड्याने. दुसरा म्हणाला, का रे, चोरीची होती? पहिला म्हणाला, नाही, पण रोख मागितले, आणि हात असा थरथरत होता की पावती मीच लिहिली.

ऑक्टोबरात आमच्याकडे एकाही बोटीचे पैसे आलेले नाहीत.

शांतपणे विचार केला. एक, ती बोट लाइलच्या स्वतःच्या पैशाची असेल. दोन, हा टॉफ्टे दुसरा कोणी असेल, मिनेसोटात टॉफ्टे काय कमी आहेत. तीन, मी चुकीचं ऐकलं. तिसरं संभवत नाही. तेव्हा दुसरं.

निम्मी पाई ताटलीत राहिली. वाढणारीने विचारलं, बरी नाही का? म्हटलं, छान आहे, जरा वेगळी आहे. आमच्याकडे वाईटाला वेगळं म्हणतात, तिचा चेहरा पडला. बाहेर पिकअपची किल्ली भोकात जाईना. थंडीने भोक आकसतं.

२० फेब्रुवारी

आजपासून बँकेत जायचा रस्ता बदलला. लाइलच्या आवारावरून जाणारा रस्ता घसरडा झालाय. सरोवराला वळसा पडतो, पण जिवापेक्षा पेट्रोल महाग नाही.

मार्लिस सोबत होती. म्हणाली, इकडून कशाला? म्हटलं, निसर्ग बघत जाऊ. ती म्हणाली, इकडे सांडपाण्याचं तळं आहे, ऑर्व्हिल. मग एकदम म्हणाली, आपलं जे काही आहे ते त्या बँकेच्या शेअरमध्ये आहे. घरही त्यापायीच गहाण. माझ्या आईचे पैसेसुद्धा तिथेच घातलेस. मला एकदा नीट सांग, लाइलच्या बोटी आहेत की नाहीत?

आहेत म्हटलं. म्हणाली, मग जाऊन प्लॅस्टिक उघडून बघ, तेवढंच तर करायचंय. म्हटलं, तू माझ्या सचोटीवर शंका घेतेस? ती म्हणाली, तुझ्या नाही, लाइलच्या. म्हटलं, एकच गोष्ट आहे. असं का म्हटलं कोण जाणे.

रेडिओवर हवामान लागलं होतं. घरापर्यंत दोघांनी मन लावून ऐकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्च झाल्यावर लाइल म्हणाला, चल, बर्फावर बसू. गेलो. त्याची खोपटी गोठलेल्या सरोवराच्या मधोमध. आत शेगडी, बर्फाला दोन भोकं, दोघांचे गळ. बाहेर वारा. अशा वेळी पुरुष फार बोलत नाहीत, म्हणूनच बरं वाटतं.

लाइल वाळलाय. गालाची हाडं दिसतात. बराच वेळ भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, ऑर्व, त्या बोटींचं तुला काहीतरी सांगायचंय.

मी म्हटलं, तुझा गळ हलतोय. हलत नव्हता. त्याने बघितलं. पुन्हा म्हणाला, मागचे दोन उन्हाळे मी... मी म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात पर्च मासे फार लहान होते. तो म्हणाला, ऐक ना रे. मी म्हटलं, शेगडी धुरकटलीय का, आणि उठून शेगडी ढवळली. हात भाजला. तो म्हणाला, अरे ऐक ना, मला झोप लागत नाही. मी म्हटलं, लाइल, जे काय असेल ते मार्चनंतर सांग. तपासनीस येऊन जाऊ देत. मग निवांत सांग.

तो माझ्याकडे असा बघत राहिला, बुडणाऱ्याने बघावं तसा. मग म्हणाला, बरं.

मी हे त्याच्या भल्यासाठी केलं. मनावर ओझं असताना माणूस असतं त्याहून वाईट सांगतो. शिवाय मला काही माहीतच नसलं तर तपासनिसांना सांगण्यासारखंही काही नसणार. कायदा मला तेवढा कळतो.

मासा एकही लागला नाही. हाताला लोणी लावलं.

१ मार्च, शनिवार

ऊन. वाईट ऊन.

पोस्टात गेलो तर सगळे दात काढून उभे. हवा कशी झक्कास झालीय, म्हणे. पास्टरबाई कोट न घालता हिंडत होत्या. मी म्हटलं, टिकायचं नाही हे. पास्टरबाई म्हणाल्या, तुमच्या तोंडात साखर पडो असं काहीतरी बोला हो, ऑर्व्हिल.

नवीन रस्त्यावरून, सरोवराच्या पलीकडूनही लाइलचं आवार दिसतं, हे आधी लक्षात आलं नव्हतं. बोटींवरचा बर्फ घसरतोय. बर्फ होता तोवर सगळ्या पाठी सारख्या दिसायच्या. आता काही ताठ आहेत, काही मधोमध खचल्यात. बोट अशी खचत नाही. पण प्लॅस्टिक सैल पडू शकतं. उन्हाने सैल पडतं.

आज प्रार्थनेत बर्फ मागितला. शेतकऱ्यांसाठी.

४ मार्च

रात्री वादळी वारा होऊन गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत योगायोगाने लाइलच्या आवारापाशी पोचलो. रस्त्याकडेची पहिली बोट पार भुईसपाट. टेबलावरून चादर ओढावी तशी. प्लॅस्टिक फाटलं नव्हतं, नुसतं बसलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसलं असतं.

पिकअपमध्ये फळी होती. प्लॅस्टिकच्या कडेखाली हात घालून फळी उभी करू लागलो. डोळे मिटून घेतले होते, तेव्हा आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. हाताला टायर लागले. बोटीला टायर नसतात, पण बोटीच्या ट्रेलरला असतात. टायर एकावर एक रचलेले लागले. ट्रेलर तसेही ठेवत असतील.

फळी एकट्याला पेलेना. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी उचलली. डोळे उघडले तर लाइल. ऑफिसच्या खिडकीतून बघत असणार. त्याने त्या बाजूने उचललं, मी या बाजूने रेटलं, पाठ पुन्हा उभी राहिली. दोघांनाही धाप लागली होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता.

म्हणाला, थँक यू, ऑर्व.

मी म्हटलं, कशाबद्दल?

 

७ मार्च, शुक्रवार

तयारी पूर्ण. तपासनीस सोमवारी येणार. येणारी बाई आहे, कोणी मिस व्हांग. माझी योजना अशी. सोमवारी सगळी घरकर्जं दाखवायची, ती निर्मळ आहेत. मंगळवारी बँकेचा इतिहास सांगायचा. बुधवारी चर्चच्या तळघरात लेंटचं, ईस्टरआधीच्या उपासाचं सूप असतं, तिथे न्यायचं. आग्रह करणारे लोक आहेत, दोन तास कुठे जात नाहीत. गुरुवारी तिला उशीर होईल, शुक्रवारी ती घरी जाईल.

बोटी बघायच्या म्हणाली तर प्लॅस्टिकचं सांगायचं. कोणताही सभ्य माणूस समजून घेईल.

आर्डिसला योजना सांगितली. म्हणाली, एवढी अक्कल कर्ज देताना वापरली असतीस तर. वाक्य पुरं केलं नाही. तिची ही सवय मला आवडत नाही.

१० मार्च, सोमवार

मिस व्हांग आल्या. लहानखुऱ्या, चष्मा, सेंट पॉलच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. डबा घरून आणतात. कॉफी घेणार का म्हटलं तर पहिल्यांदाच हो म्हणाल्या. आमच्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतात. मी पहिल्या नकाराची वाट बघत कप तसाच हातात धरून उभा. ही बाई सरळ बोलते. घाम फुटला.

घरकर्जांच्या फायली पुढे ठेवल्या. म्हणाल्या, थँक यू, पण बोटींचं कर्ज आधी बघते. इतिहास सांगू लागलो. त्या लिहीत होत्या. माझ्या बोलण्यातलं नाही, दुसरंच काहीतरी.

त्यांच्या सुरावरून मला सगळं कळतं म्हणायला हरकत नव्हती, पण त्यांना सूरच नाही. हवामानाबद्दल आणि बुडीत कर्जाबद्दल एकाच आवाजात बोलतात. असल्या माणसाचं काय ऐकायचं?

११ मार्च

मिस व्हांग यांनी विचारलं, तारण शेवटचं कधी तपासलं? मी ८ फेब्रुवारी सांगितलं आणि ठोकून बघायची माझी रीतही समजावली. पोकळ आवाज आला म्हणून निर्धास्त झालो, म्हटलं. त्यांनी पेन थांबवलं. म्हणाल्या, पोकळ आला म्हणून? म्हटलं, पाँटून पोकळच असतात ना. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं. कौतुक वाटलं असावं.

मग म्हणाल्या, उद्या बघायला जाऊ. म्हटलं, उन्हाळ्यात फार छान दिसतात. त्या म्हणाल्या, उद्याही दिसतील.

मार्लिस झोपायला जाताना म्हणाली, अजूनही लाइलला फोन कर, तो स्वतः होऊन सांगेल तर तुम्हा दोघांनाही जड जाणार नाही. फोन हातात घेतला. त्याने उचलला असता तर तो सांगितल्याशिवाय राहिला नसता. म्हणून केला नाही.

१२ मार्च, बुधवार

आवारात गेलो. बर्फ पार वितळलेला, सगळीकडे टपटप. वाटेत चर्चपाशी गाडी थांबवून सुपाचं सुचवलं. मिस व्हांग म्हणाल्या, डबा आहे माझा.

लाइल दारातच उभा. दाढी केलेली, चर्चचा शर्ट. मी घाईघाईने प्लॅस्टिकचं सांगू लागलो, बर्फ, उंदीर, सोफे. मिस व्हांग ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, एक कापलं तर चालेल का, मिस्टर टॉफ्टे? आता तो नाही म्हणेल, असं मला वाटलं. जगात त्याला तेवढं एकच म्हणायचं होतं.

त्याने खिशातून कटर काढून मूठ त्यांच्याकडे करून दिला. म्हणाला, कुठलंही कापा, मॅडम. फक्त पहिल्या ओळीतली मधली नको, ती खरी आहे, तिचं नुकसान नको.

त्यांनी कापलं. टायर, लाकडी पॅलेट, वर वाकवलेल्या पट्ट्या. दुसरं कापलं. गवताच्या पेंढ्या. तिसऱ्यात जुनी शेड रचलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, हं, हे जरा वेगळं आहे.

पुढची कापायला लाइलनेच मदत केली. दोन उन्हाळे बोटी तोट्यात विकल्या, त्या पैशांनी आधीच्या बोटींचं व्याज आणि कामगारांचे पगार भागवले, मग प्लॅस्टिकचे गठ्ठे आणले. दिसेल ते गुंडाळत गेलो, म्हणाला. सगळं एका दमात. पायरीवर बसला. म्हणाला, आज झोप लागेल. मिस व्हांग यांनी त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला. तो दोनदा नको म्हणाला, त्या तिसऱ्यांदा विचारेनात, म्हणून त्याने स्वतःच हात पुढे केला.

मग त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, मिस्टर स्कारना हे माहीत होतं?

माझे दात वाजायला लागले, सगळ्यांना ऐकू गेलं असणार. त्या दिवशी फळीच्या दुसऱ्या टोकाला लाइलच होता. लाइलने वर न बघता सांगितलं, ऑर्वला? नाही हो. त्याला कशाचाही पत्ता नव्हता.

किती सहज म्हणाला. वाचलो असं वाटायला हवं होतं. वाटलं. थोड्या वेळाने.

१४ मार्च, शुक्रवार

बँक बंद करायच्या वेळेला राज्याची माणसं आली. सोमवारी उघडेल ती फार्गोच्या एका मोठ्या बँकेची शाखा म्हणून. लोकांच्या ठेवी सुरक्षित, फक्त आमचे शेअर शून्य. मार्लिसच्या आईचेही. आर्डिसला त्यांनी ठेवून घेतलं. माझ्याकडे किल्ल्या मागितल्या.

घरी सांगितलं. मार्लिस ओट्याकडे तोंड करून हॉटडिशच्या ट्रेमध्ये मांसभाजीवर बटाटे लावत होती. लावत राहिली, ट्रेमध्ये जागा उरली नाही तोपर्यंत.

२ एप्रिल

वकील केला. तोंडावर सांगतो म्हणाला. तुम्हाला कळलं होतं असं ठरलं तर फसवणुकीत भागीदार, म्हणजे तुरुंग. कळलं नव्हतं असं ठरलं तर नुसती बंदी, बँकेत पुन्हा काम करता येणार नाही, पण घरी झोपाल. तेव्हा मिस्टर स्कार, तुम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही. जमेल ना?

म्हटलं, अवघड आहे. इथे सगळ्या मुलखाला माहीत आहे की माझ्या कानातून काही सुटत नाही. तीस वर्षांचा लौकिक आहे. वकिलाने कपाळाला हात लावला. म्हणाला, प्रयत्न करा.

जेवण बंद झालंय. तुरुंगाचं नाव काढलं की छातीत मुंगळे चालतात. फळीचं कोणालाही सांगितलेलं नाही. या वहीचं काय करायचं ते ठरवतोय.

११ एप्रिल

बुधवारच्या चौकशीसाठी सकाळपासून आरशासमोर सराव. चेहरा मठ्ठ करायचा म्हणजे सोपं काम नाही. भुवया खाली सोडून बघितल्या, तोंड किंचित उघडं ठेवून बघितलं. डोळ्यांतली हुशारी जात नाही. ती तपासनिसांनी हेरली की संपलंच. मार्लिस दारात उभी राहून बघत होती. विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, कधी सुरू करणार आहेस?

संकल्प: चौकशीत कमी बोलायचं. विनोद करायचे नाहीत. कोणाच्या सुराबद्दल मत द्यायचं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सेंट पॉल. चौकशी.

पहाटेच निघालो. मार्लिसने गाडी चालवली, माझ्या हातांचा भरवसा नव्हता. दिवसभर चालेल असं वकील म्हणाला होता, म्हणून मार्लिसने विणकाम आणलं होतं.

लांब टेबल, तिघं बसलेले. मिस व्हांग यांनी अहवाल वाचला. ठोकून बघायचं आलं तेव्हा एकजण खोकला, दुसऱ्याने पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला. लाइलची साक्ष लेखी होती, दोन ओळींची: ऑर्व भला माणूस आहे, त्याच्या काही लक्षात आलं नाही. मग आर्डिस. तिला बघून मला घेरीच आली. ती खोटं बोलणार नाही, आणि तिने मला एकदा नव्हे, दहादा सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही मिस्टर स्कारना सावध केलं होतंत का? ती म्हणाली, केलं होतं. मी डोळे मिटले. मग म्हणाली, पण त्याला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही.

मधल्या माणसाने बाकीच्या दोघांकडे बघितलं. दोघांनी माना हलवल्या. मला विचारलं, तुम्हाला यात काही सांगायचंय? मी चेहरा धरून ठेवला होता, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही. तो म्हणाला, असू द्या, असू द्या. खूप हळुवारपणे म्हणाला. बंदीच्या कागदावर सही केली. वकील पाठीवर थोपटून म्हणाला, बैठक मोडायची एवढी घाई मी कधी पाहिली नाही.

खाली आलो. मार्लिस गाडीतच होती. पार्किंगच्या मीटरमध्ये नाणंसुद्धा अजून टाकलं नव्हतं.

म्हणाली, एवढ्यात पटलं त्यांना?

हो म्हटलं.